कौशिकाचे पुण्य आणि कांद्याची निर्यातबंदी

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. प्रसंग बिकट आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परतला आहे. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच तो संतापाने अर्जुनाला म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करीन, ही तर अर्जुनाची प्रतिज्ञा. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. प्रतिज्ञा पाळणे हाच धर्म, असे त्याला मनापासून वाटते. तेव्हा कृष्ण त्याला थांबवतो आणि कौशिकाची कथा ऐकवतो. कौशिकाने सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेले असते. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली काही माणसे त्याच्या जवळच्या रानात लपतात. मागून दरोडेखोर येतात आणि माणसे कुठे गेली म्हणून विचारतात. कौशिक खरे सांगतो. माणसे मारली जातात. व्यासांनी कौशिकाला नरकात पाठवले आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. ही कथा वर्गात आली की मुले हटकून अस्वस्थ होत. कौशिकाने कोणाचे वाईट चिंतले नव्हते, लोभ नव्हता, द्वेष नव्हता, मग नरक का? मी त्यांना एवढेच विचारत असे, की त्याच्या व्रताची किंमत कोणी दिली? व्रत त्याचे, पुण्य त्याच्या खात्यावर जमा व्हायचे, आणि प्राण मात्र झाडीत लपलेल्यांचे. त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

हा प्रश्न मला आज पुन्हा मांडावासा वाटतो, कारण माझे सासर निफाड तालुक्यातले आहे आणि आमच्या घरी कांदा पिकतो.

7 डिसेंबर 2023 च्या रात्री केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. 8 तारखेपासून ती लागू झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर असे किमान निर्यातमूल्य ठरवले होते. चार महिन्यांत तीन आदेश. तिन्हींमागचे कारण एकच सांगितले गेले, आणि ते खोटे नव्हते: शहरांत कांदा महागला होता, गरिबाच्या ताटातला कांदा कमी झाला होता. सणासुदीत, महागाईत होरपळणाऱ्या माणसाला दिलासा द्यावा हा हेतू मी वाईट मानत नाही. नाशिकला आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई एकेक कांदा मोजून घरी नेत होत्या, हे मी पाहिले आहे. सरकार चालवणाऱ्यांना दया आली, असेच मी धरून चालते. माझा प्रश्न त्या दयेच्या हिशेबाचा आहे.

डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत चार-सहा महिने राहतो, भाव पडला तर शेतकरी थोडी कळ काढू शकतो. लाल कांद्याला ती सोय नाही. त्यात पाणी जास्त, साल पातळ. काढला की दोन-तीन आठवड्यांत विकावा लागतो, नाहीतर कोंब फुटतात, सड लागते. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस निफाड भागात गारपीट झाली होती. द्राक्षबागा झोडपून निघाल्या होत्या. ज्यांची बाग गेली त्यांचा सगळा भार कांद्यावर होता. अशा वेळी रात्रीतून आदेश आला.

माझे धाकटे दीर त्या आठवड्यात ट्रॉली घेऊन लिलावाला गेले, तेव्हा मी सोबत होते. बाजारात ट्रॉल्यांची रांग नेहमीसारखीच होती. आवाज मात्र नव्हता. व्यापारी ट्रॉलीजवळ येतो, मूठभर कांदा उचलतो, अंगठ्याने मान दाबून पाहतो, दोन कांदे हातात खेळवतो आणि बोली सुरू होते. त्या दिवशी बोली सुरू झाली तिथेच थांबत होती. बंदीच्या आधी ज्या शेतातला माल क्विंटलला साडेतीन हजारांच्या आसपास गेला होता, त्याच शेतातला तसाच माल त्या दिवशी सतराशेला गेला. गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, तर कोणी विचारेना. हमाली-तोलाई वजा होऊन हिशेबपट्टी हातात आली. दिरांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा तर द्यावा. पण तो आमच्या नावानं तरी द्यावा. पट्टीवर लिहावं ना, एवढे पैसे शेतकऱ्यानं दिले म्हणून."

मला हे वाक्य साधे वाटत नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी दानधर्मावर जे काही शिकवले, त्याचे सार त्यात आहे. आपल्या धर्मशास्त्राने दानाची पहिली अट हीच सांगितली, की वस्तू देणाऱ्याच्या मालकीची हवी. स्वतःचा हक्क सोडणे म्हणजे दान. नारदस्मृतीत तर काय देता येत नाही याची यादीच आहे. कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव, गहाण आलेली वस्तू, सामाईक मालमत्ता या गोष्टी उचलून दान करता येत नाहीत. देणाऱ्याचे मन कितीही उदार असले तरी ते दान होत नाही. साडेतीन हजार आणि सतराशे यांच्यातला फरक सरकारच्या मालकीचा नव्हता. तो देण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नंतर, धर्माचा आधी आहे.

इथे कोणी गीता पुढे करील. कर्मावर अधिकार, फळावर नाही; मग चांगल्या हेतूने केलेल्या कर्माचे फळ वाईट निघाले तर कर्त्याला दोष का द्यावा? गीतेचे हे वाचन फार पसरलेले आहे आणि ते अर्धवट आहे. गीतेने फळाची हाव सोडायला सांगितली, परिणामाचा विचार सोडायला सांगितलेला नाही. अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्म कशाला म्हणावे ते स्पष्ट सांगितले आहे. पुढे काय होईल, नुकसान किती होईल, कोणाला इजा होईल आणि आपली कुवत किती, याचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म ते तामस. त्या व्याख्येत वाईट हेतूचा उल्लेखही नाही. हेतू चांगला असूनही कर्म तामस असू शकते. या चार प्रश्नांची उत्तरे लिहिल्याशिवाय एकही आर्थिक आदेश निघू नये, इतकी ही कसोटी आजच्या राज्यकारभाराला नेमकी लागू पडते.

लोकमान्य टिळकांचे मत मात्र मला सहज बाजूला सारता येत नाही. 'गीतारहस्या'त त्यांनी केवळ बाह्य परिणामांवरून कर्माची नीती ठरवणाऱ्या पाश्चात्त्य पंथाचे सविस्तर खंडन केले आहे. त्यांनी अमेरिकेतल्या एका शहराचे उदाहरण दिले आहे. ट्रामवेची लोकांना गरज होती, सरकारी परवानगी मिळेना, तेव्हा ट्रामवेच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली. ट्रामवे झाली, लोकांची सोय झाली, तरी कृत्य नीतीचे ठरले नाही. टिळकांचा निष्कर्ष असा, की कर्त्याची बुद्धी शुद्ध आहे की नाही हे मुख्य, परिणाम दुय्यम. माणसाबद्दल बोलायचे तर मी टिळकांच्या बाजूची आहे. गरीब विधवेने दिलेली एक दमडी आणि धनाढ्याने दिलेली थैली यांचे मोल रकमेवरून ठरत नाही.

पण सरकार म्हणजे माणूस नव्हे. सरकारला अंतःकरण नसते. तिथे फाईल असते, टिपण असते, सही असते. ज्याने सही केली तो तीन वर्षांनी दुसऱ्या खात्यात असतो. त्याची बुद्धी शुद्ध होती का, हे कोण तपासणार आणि तपासले तरी झोडपलेल्या शेतकऱ्याला काय मिळणार? माणसाची बुद्धी तपाने, पश्चात्तापाने शुद्ध होते. संस्थेची शुद्धी एकाच मार्गाने होते, ती म्हणजे हिशेब उघडा ठेवून. म्हणून राज्यसत्तेच्या बाबतीत हेतूची सबब पुरेशी मानता येत नाही. तिथे विचारायचे ते असे: किंमत कोणी मोजली, त्याला विचारले होते का, आणि ती कुठे लिहून ठेवली?

शिवाय जे पुन्हा पुन्हा घडते त्याला अनपेक्षित म्हणण्याचा अधिकार उरत नाही. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी झाली, ती मार्च 2020 मध्ये उठली. त्याच वर्षी 14 सप्टेंबरला पुन्हा झाली, 1 जानेवारी 2021 ला उठली. मग 2023. पहिल्या वेळी ठेच लागली तर अज्ञान म्हणू. त्याच दगडाला तिसऱ्यांदा ठेच लागते तेव्हा तो दगड ठाऊक असतो. परिणाम माहीत असताना केलेली कृती ही त्या परिणामासकट केलेली निवड असते. तिची जबाबदारीही पूर्ण असते.

आणि किंमत फक्त शेतकऱ्याने मोजली असेही नाही. ती इतकी दूरवर पसरते की आदेश काढणाऱ्याला दिसतच नाही. 2019 च्या बंदीनंतर पाचच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. त्यांनी उद्योजकांच्या कार्यक्रमात सांगितले, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे, निदान आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून कांदा आणला असता. लोक हसले, पण तक्रार खरी होती. ढाका, कोलंबो, दुबई, क्वालालंपूर इथल्या व्यापाऱ्याने भारतीय कांद्यावर विसंबावे ही पत पिढ्यांच्या मेहनतीने कमावलेली असते. दर दोन वर्षांनी दार आपटले की तो माणूस पाकिस्तान, इजिप्त, चीन, तुर्कस्तानकडे वळतो, आणि वळलेले गिऱ्हाईक बंदी उठल्याच्या दिवशी परत येत नाही.

आमच्याच मळ्यातले सांगते. कांद्याची लागवड आणि काढणी बायांच्या टोळ्या करतात, एकरी उक्ते ठरवून. भाव पडले की शेतकरी काढणी पुढे ढकलतो, कोणी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवून मोकळा होतो, कोणी पुढच्या हंगामात कांद्याऐवजी मका किंवा सोयाबीन पेरतो. आमच्याकडे येणाऱ्या टोळीतल्या एक मावशी त्या डिसेंबरात म्हणाल्या, "कांदा स्वस्त झाला म्हणत्यात बाई. पण आठ दिस हाताला काम न्हाई, तर स्वस्त कांदा तरी कशानं घेऊ?" गरीब म्हणजे फक्त गिऱ्हाईक, असे मानून दया केली की हे होते. ही बाई गिऱ्हाईक आहे आणि मजूरही आहे. दयेने तिच्या एका हातात किलोमागे पंधरा-वीस रुपये ठेवले आणि दुसऱ्या हातातली आठवड्याची मजुरी काढून घेतली.

आणखी एक किंमत आहे, तिचा तर चेहराही नसतो. भाव चढणे हा शेतकऱ्याला मिळणारा निरोप असतो, की पुढच्या वर्षी जास्त लाव. आदेशाने तो निरोप पुसला जातो. लागवड घटते, पुढे पुरवठा कमी पडतो, भाव पुन्हा भडकतो, पुन्हा आदेश निघतो. गरिबाला आज ज्या महागाईतून सोडवले, ती महागाई त्याच्याच वाट्याला उद्या जास्त जोराने येते. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1980 च्या आगेमागे चाकणच्या रस्त्यावर कांदा उत्पादकांना बसवले, तेव्हा ते हेच सांगत होते. शेतकऱ्याला भीक नको, त्याच्या घामाच्या दामात हात घालू नका, एवढीच त्यांची मागणी होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती शिळी झालेली नाही.

मग सरकारने हात बांधून बसावे का? हे मी म्हणत नाही, आणि कोणी महाराष्ट्रीय माणसाने ते म्हणू नये. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत होती आणि लॉर्ड लिटनचे सरकार व्यापारात ढवळाढवळ नको म्हणून धान्याच्या भावाला हात लावत नव्हते. दुष्काळातही हिंदुस्थानातले धान्य बोटींनी बाहेर जात होते. सरकारचाच अधिकारी सर रिचर्ड टेंपल याने तीन वर्षांपूर्वी, 1874 मध्ये, ब्रह्मदेशातून तांदूळ आणून बिहारमध्ये फार थोडे मृत्यू होऊ दिले होते. जास्त खर्च केला म्हणून त्याला बोल लागला, आणि 1877 मध्ये त्याच टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी पोटाला पुरणार नाही इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लिहून लिहून सरकारला जाब विचारला. हात न लावण्याचेही पाप असते आणि ते फार मोठे असू शकते. बाजार म्हणजे देव नव्हे.

म्हणूनच मला दुसरे उदाहरण महत्त्वाचे वाटते, आणि ते आपल्याच राज्याचे आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हा सरकारचा अर्थव्यवस्थेतला केवढा मोठा हस्तक्षेप! पण त्याचा खर्च कोणाच्या चाळीतून, कोणाच्या ट्रॉलीतून गुपचूप काढला गेला नाही. त्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. मी नोकरीत असताना दर महिन्याच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असे. शेवटच्या वर्षांत ती 200 रुपयांची होती आणि फेब्रुवारीत 300 ची. म्हणजे वर्षाला अडीच हजार. राज्यघटनेनेच घातलेली मर्यादा. या पैशातून खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या माणसाला मजुरी मिळते, हे कोणी सहकाऱ्याने कुरकुर केली की मी सांगत असे. त्या योजनेत खोटे हजेरीपट झाले, अर्धवट पाझर तलाव झाले, हे सगळे खरे आहे. पण तिचा नैतिक पाया भक्कम होता. देणाऱ्याला ठाऊक होते की तो देतो आहे. किती देतो ते लिहिलेले होते. ज्याची ऐपत होती त्याच्याकडून घेतले जात होते. आणि विधिमंडळात दरवर्षी त्यावर बोलता येत होते.

निर्यातबंदी या चारही कसोट्यांवर उतरत नाही. देणाऱ्याला विचारलेले नाही. रकमेची नोंद कोणत्याच अर्थसंकल्पात नाही. घेतले गेले ते गारपिटीने आधीच मोडलेल्या माणसाकडून. आणि चर्चा तर आदेशानंतरच सुरू झाली. अशी दया स्वस्त पडते म्हणून सरकारला मोहात पाडते. तिजोरीतून एक रुपया खर्च न करता लाखो लोकांचे भले केल्याचे समाधान मिळते. कौशिकालाही तेच समाधान मिळाले असेल.

दुसरा मार्ग अज्ञात नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने साठ्यातला कांदा 25 रुपये किलोने शहरांत विकला होता. तेच मोठ्या प्रमाणात, नीट आखून करावे. शेतकऱ्याकडून चालू बाजारभावाने कांदा घ्यावा, शिधापत्रिकेवर गरिबाला स्वस्त द्यावा आणि मधला फरक तिजोरीतून भरावा. किंवा त्या घराच्या खात्यात थेट पैसे टाकावेत. मग तो फरक अर्थसंकल्पात दिसेल. इतका खर्च झेपतो का, यावर वाद होईल. तो वाद व्हायलाच हवा, कारण बंदीतही तोच खर्च होतो. फक्त तो निफाड-येवल्याच्या हिशेबपट्ट्यांत लपलेला असतो.

4 मे 2024 ला बंदी उठली, पण शुल्क आणि किमान मूल्य राहिले. सप्टेंबरात शुल्क निम्मे झाले आणि 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण गेले. ज्यांनी 2023 च्या डिसेंबरात लाल कांदा विकला, त्यांना यातले काहीही परत मिळाले नाही. त्यांनी दिलेल्या पैशाची साधी बेरीजही कोणी जाहीर केलेली नाही.

माझी मागणी दोन ओळींची आहे. बाजारात हात घालणाऱ्या प्रत्येक आदेशाखाली त्याची किंमत कोण आणि किती देणार हे लिहावे, आणि ती किंमत सर्वांच्या तिजोरीतून त्याला भरून द्यावी. शहरातल्या वाचकांना एवढीच विनंती, की कांदा महागला म्हणून गरिबासाठी आवाज उठवाल तेव्हा बंदी मागू नका. त्याच्यासाठी अनुदान मागा आणि त्यासाठी लागणारा कर द्यायची तयारी ठेवा. दया आपल्या पैशाने करायची असते.